माटोळी घरपोच

गावाला वर काढायचं काम माझ्याच गळ्यात का पडलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण एकच सापडलं. त्या दिवशी सभेत मी खोकलो.

पणजीहून एक साहेब आले होते. विषय होता, गावातल्या गावात उद्योग उभे करून गाव कसं जागं करावं. साहेबांबरोबर पडदा होता, पडद्यावर चित्रं दाखवणारं यंत्र होतं आणि पिण्याचं पाणीही त्यांनी स्वतःचं आणलं होतं. आमचा वाडा डिचोलीच्या पलीकडे आणि सर्वणच्या अलीकडे आहे. इथे खाण होती तेव्हा रस्त्यावरून इतके ट्रक जायचे की पलीकडच्या घरी लग्नाचं बोलावणं करायलासुद्धा अर्धा तास लागायचा. आता त्याच रस्त्यावर कुत्री निवांत झोपतात. त्यामुळे गाव झोपलेलं आहे हे साहेबांचं म्हणणं कोणाला लागलं नाही.

"तुमच्या गावात असं काय आहे, जे शहरात नाही?" साहेबांनी विचारलं.

मग माझा शेजारी गोकुळदास उठला. "खंदक आसा," तो म्हणाला. "खाणीचो. उदकान भरलेलो."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. मागून आनंदीमावशी म्हणाली, "रान आसा मरे. तुमच्या पणजेक रान खंय?" मावशीचं वय तिलाही ठाऊक नाही. पण कुठल्या झाडाला कुठल्या पंधरवड्यात काय लागतं ते तिला डोळे मिटून सांगता येतं. चतुर्थीच्या आधी आठ दिवस सगळा वाडा तिच्या मागून रानात जातो आणि माटोळीचं सामान गोळा करून आणतो.

माटोळी म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, सुपारीचा घोस, काकडी, पपनसासारखं तोरिंगण ही मंडळी असतातच. पण खरी शोभा रानच्या फळांची. पिवळ्या मण्यांच्या घोसांची कांगलां, तांबडीभडक कवंडळं, हलवली की वाजणाऱ्या घागऱ्यांच्या शेंगा. यातली बरीचशी कोणी खात नाही. ती फक्त देवाला दाखवायची असतात, की बाबा, औंदा तू हे हे पिकवलंस.

"छान!" साहेब म्हणाले. "म्हणजे हेच माटोळीचं सामान पेटीत घालून शहरात विकता येईल. यात पुढाकार कोण घेणार?"

नेमका तेव्हाच मी खोकलो. अठ्ठावीस वर्षं खाणीवर टाइमकीपर होतो, घशात अजून थोडी खाण शिल्लक आहे. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर मला नाही म्हणता येत नाही. खाण बंद पडली आणि मी निवृत्त झालो ते एकाच आठवड्यात. तेव्हापासून माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी येऊन मी ही बातमी कमलाक्षीला दिली. कमलाक्षी म्हणजे आमची बायको. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"गाव सुधरा, ना तर तालुको सुधरा," ती म्हणाली. "पूण आदीं घरची माटोळी. तातूंत कांय उणें पडूंक फावना, सांगून दवरतां."

ती हे का म्हणाली ते मला ठाऊक होतं. आमच्या घरचा गणपती हा सगळ्या भावकीचा गणपती. विनायकदादा, माझा थोरला भाऊ, म्हापशाहून सहकुटुंब येतो. दादा हेडमास्तर होता आणि अजून आहे, फक्त शाळा नाही. दर चवथीला जेवण झालं की तो ओटीवर बसून सांगतो की या गावात आता काही राहिलेलं नाही, हे घर विकून टाकूया. दर चवथीला कमलाक्षी आतून ते ऐकते. तिचं त्यावरचं उत्तर म्हणजे तिची माटोळी. चौतीस वर्षं तिने ती अशी भरली आहे की खाली बसलेल्या माणसाला वरचे वासे दिसत नाहीत. खुद्द दादा बोलता बोलता वर बघतो आणि दोन मिनिटं गप्प बसतो. ती दोन मिनिटं कमलाक्षीला वर्षभर पुरतात.

"आधी घरची," मी वचन दिलं. वचन देताना मी अगदी प्रामाणिक होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग समिती झाली. अकरा माणसं. पहिल्या बैठकीत नाव काय ठेवायचं यावर दोन तास दहा मिनिटं चर्चा झाली. गोकुळदासचं म्हणणं, नाव इंग्रजी असल्याशिवाय फ्लॅटवाले दार उघडत नाहीत. गोकुळदासकडे सल्ल्यांचा तोटा कधीच नव्हता. खाणीच्या दिवसांत त्याचा ट्रक होता. ट्रक अजून आहे, परसात ताडपत्रीखाली. सात वर्षांत त्याच्यावर कवंडळाची वेल चढली आणि गेल्या वर्षी वाड्यातली सगळ्यात मोठी कवंडळं त्या ट्रकच्या आरशाला लागली होती. "म्हणजे माल देवपी पयलो हांव," असं सांगून त्याने समितीचं उपाध्यक्षपद घेतलं. शेवटी नाव माझी सून गौरवी हिने ठेवलं. माटोळी घरपोच. आम्ही दोन तास भांडलो होतो, तिने भाजीला फोडणी घालता घालता ठेवलं. आमचा मुलगा गौरेश बोटीवर असतो, सहा महिने घरी आणि सहा महिने समुद्रात. तो नसताना घरात डोकं चालवायचं काम गौरवीच करते.

परवान्यासाठी मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचं आहे. टेबलामागच्या बाईंनी अर्ज वाचला.

"ही खायची वस्तू की शोभेची?"

"टांगायची," मी म्हणालो.

"टांगायच्या वस्तूंचा रकाना नाही. खायची असेल तर अन्नाचा परवाना लागेल. शोभेची असेल तर मंडप सजावटीत येते, मग अग्निशामकची ना हरकत आणा."

"अहो, काकडीला आग कशी लागेल?"

"ते अग्निशामकवाले ठरवतील." त्या शांतपणे म्हणाल्या. "आधी नमुना दाखवा."

मी कवंडळ नेलं. त्यांनी ते निरखून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि बाकीचे नमुने आणायला सांगितले. दुसऱ्या खेपेला कांगलां आणि घागऱ्या. तिसऱ्या खेपेला तोरिंगण, सुपारीचा घोस आणि त्यांच्या आठवणीनुसार राहिलेली कुड्याची जोडशेंग. चौथ्या खेपेला त्यांनी आमची नोंद 'हस्तकला (इतर)' या सदरात केली आणि हसून म्हणाल्या, "काका, केवणीच्या सालीचा दोर नाही आणला? त्याशिवाय बांधतात कशी?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंच्या घरची माटोळी पूर्ण झाली होती. मात्र त्यांनी खोट काढली नाही आणि शिक्का सरळ मारला, म्हणून मी रागावलो नाही. दोर नेऊन दिला.

पेट्यांचा प्रश्न संतोषने सोडवला. संतोष गडहिंग्लजकडचा, इथल्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला आहे आणि आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. त्याच्या गावी गणपतीवर माटोळी नसते. त्यामुळे या साऱ्या खटाटोपाकडे तो अतिशय आदराने आणि काहीही न समजता बघत होता.

"काका, ही फळं कोण खातंय?"

"कोणी नाही."

"मग ती मऊ पडली तर चालत्याल?"

"अजिबात नाही."

"लय अवघड देव हाय तुमचा," तो म्हणाला आणि आत अंडी ठेवतात तसे कप्पे असलेली पेटी बनवून घेऊन आला. एकही कांगलं सुटलं नाही.

आता जाहिरात. गौरवी म्हणाली, बाबा, तुम्ही दोन शब्द बोला, मी फोनवर घेते. मी रानात झाडाखाली उभा राहून माटोळीचं धार्मिक, सामाजिक आणि वनस्पतीशास्त्रीय महत्त्व सांगितलं. सात मिनिटं बोललो. सातव्या मिनिटाला वरच्या पानांतून हुमले, म्हणजे त्या चावऱ्या तांबड्या मुंग्या, माझ्या सदऱ्यात उतरल्या आणि मी खांदे उडवत नाचू लागलो. गौरवीने सात मिनिटांतली शेवटची नऊ सेकंदं तेवढी ठेवली आणि त्याला घुमट या वाद्याच्या ठेक्याची साथ जोडली.

दोन दिवसांत ती नऊ सेकंदं सगळ्या गोव्याने पाहिली. डिचोलीच्या बाजारात मासे विकणारी बाईसुद्धा मला बघून खांदे उडवू लागली. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाच्या वहीपुढे मोठमोठे फोरमन घड्याळ बघत उभे राहिले, त्याने हे बघावं! मी दोन वेळ जेवलो नाही. कमलाक्षीने तिसऱ्या वेळी खतखतं केलं, तेव्हा जेवलो.

पण मागण्या आल्या. दहा येतील असं वाटलं होतं, चाळीस आल्या. सगळ्या पर्वरीच्या, तिथे टेकडीवर उंच उंच फ्लॅटची एक नवी कॉलनी झाली आहे. आनंदीमावशीने आम्हाला रानात नेलं. तिचे नियम कडक. वेलीवरचं निम्मं पाखरांना ठेवायचं, वेल ओढायची नाही, रानात शिट्टी घालायची नाही. मी म्हणालो, "मावशे, चाळीस पेट्या आहेत." ती म्हणाली, "पाखरां किती आसत, मेजलंय?" यावर समितीच्या नियमावलीत काही तरतूद नव्हती.

निम्मं सोडल्यामुळे चाळीस पेट्यांना माल जेमतेम पुरला, आणि जेमतेम म्हणजे पुरला नाही. आमच्या कोठीच्या खोलीत एका कोपऱ्यात घरच्या माटोळीचं सामान वेगळं ठेवलेलं होतं. कमलाक्षीने त्यावर सुपं पालथी घातली होती. छत्तिसाव्या पेटीत कांगलाचा एक घोस कमी पडला. मी सूप जरा उचललं. एकच घोस. उद्या आणून ठेवू. अडतिसाव्या पेटीला दोन कवंडळं. चाळिसाव्या पेटीचं तर सांगायलाही लाज वाटते. सूप परत ठेवताना ते पूर्वीइतकंच फुगीर दिसावं म्हणून मी खाली पेंढा सारला. टाइमकीपरच्या हातून झालेली ही आयुष्यातली पहिली खोटी नोंद.

संतोषच्या ओळखीच्या टेंपोने पेट्या पर्वरीला गेल्या. प्रत्येक पेटीत दोर होता. गाठ कशी मारायची याचं चित्र होतं. कुठलं फळ कुठल्या बाजूला, हे मी माझ्या अक्षरात लिहून त्याच्या प्रती काढल्या होत्या. समितीने एकमेकांना शाबासकी दिली.

दुसरा दिवस तयेचा, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवसाचा. माटोळी बांधायचा दिवस. सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी पहिला फोन आला.

"काका, माटोळी खूप सुंदर आहे. पण ती अडकवायची कुठे?"

"गणपतीच्या डोक्यावर," मी प्रेमाने सांगितलं.

"डोक्यावर छत आहे."

"त्या छताच्याच कड्यांना."

"कड्या नाहीत."

"नीट बघा, वाशाच्या पोटाशी असतील."

"काका," पलीकडची बाई आता हळू बोलायला लागली, "वासेही नाहीत. पांढरं गुळगुळीत प्लास्टर आहे. त्यात दिवे बसवलेत."

मी फोन ठेवला तोच दुसरा आला. नऊ वाजेपर्यंत तेवीस फोन झाले. आमची अकरा माणसं अंगणात जमली आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. आम्ही सगळे वाशाखाली जन्मलो. प्रत्येकाच्या घरी देवासमोर चार कड्या आहेत आणि त्या आजोबांच्याही आधीपासून आहेत. दोराची जाडी किती असावी यावर आमचा वाद झाला होता. तो दोर कशाला बांधायचा, हा प्रश्न जगात कोणाला पडेल असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं.

"पयसे परत करूया," कोणीतरी म्हणालं.

"पयसे परत करशीत," आनंदीमावशी ओट्यावरून म्हणाली, "पूण चवथ परत करतलंय काय? चाळीस घरांनी देव बोडको बसतलो, तुमच्या नांवान." पदर सावरून तिने पुढचं वाक्य उच्चारलं, आणि त्या दिवशीचा आमचा कार्यक्रम ठरला. "वचात आनी बांदून येयात."

अकरा माणसं, चार शिड्या, ड्रिल मशीन, खिळे आणि बांबू इतकं सगळं मावणारं वाहन वाड्यात एकच होतं. गोकुळदासने ताडपत्री ओढली, वेल कापताना जरा डोळे पुसले आणि बॅटरी दुसऱ्याच्या गाडीची लावून ट्रक सुरू केला. सात वर्षांनी तो आवाज ऐकून वाड्यातल्या बायका बाहेर आल्या. खाण सुरू झाली की काय, असं एका म्हातारीने विचारलंसुद्धा.

पर्वरीच्या त्या कॉलनीच्या फाटकावर रखवालदाराने ट्रक अडवला. ट्रकच्या मागे अजून पुसट अक्षरांत 'लोह खनिज' लिहिलेलं होतं आणि आरशाला वेलीचा तुकडा लोंबत होता. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"छताला भोक पाडायला सात दिवस आधी अर्ज करावा लागतो," ते म्हणाले.

"चवथ फाल्यां आसा," गोकुळदास म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो, आधी करायला हवा होता."

गोकुळदास वाद घालायला पुढे सरसावला, मी त्याला मागे ओढलं. तेवढ्यात रजा टाकून आमच्याबरोबर आलेला संतोष म्हणाला, "काका, वरनं टांगायचीच कशाला? खालनं उभी करूया की. चार बांबू, वर चौकट. भोक न्हाय, अर्ज न्हाय."

माटोळी टांगतात, उभी करत नाहीत. हे बरोबर की नाही ते आमच्यातलं कोण सांगणार? मी आनंदीमावशीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"देवाच्या माथ्यार पावली म्हणजे जालें," ती म्हणाली. "खंयच्यान पावली तें देव विचारना."

दिवसभर आम्ही जिने चढलो, कारण लिफ्टमध्ये शिडी मावत नव्हती. बांबू पंचवीस घरांना पुरले. बाकीच्या ठिकाणी ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. कुठे पडद्याच्या दांड्यांना बांधली. एका घरी पंखा उतरवून त्याच्या हुकाला टांगली, घाम आला तरी चालेल असं घरमालकच म्हणाले. सहाव्या मजल्यावर एका मद्रासी शेजारणीने आपली कपडे वाळत घालायची दोरीवर वरखाली होणारी दांडी दिली, आणि ती व्यवस्था इतकी झकास निघाली की फळ बांधायला माटोळी खाली ओढायची आणि बांधून झालं की वर. माझ्या मनात आलं, आजोबांना हे सुचलं असतं तर त्यांचे गुडघे वाचले असते. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी माझ्याकडे बघून खांदे उडवत होतं, पण आता मी तिकडे लक्ष देणं सोडलं होतं.

चौथ्या मजल्यावर सगुण नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते, मूळचे कोरगावचे. काजूची बाग होती, आता भावकीत वाटली गेली. मुलाकडे राहतात. आम्ही चौकट उभी करेपर्यंत ते खुर्चीत बसून होते. मग उठले, घागऱ्यांची एक शेंग चिमटीत धरून कानाशी नेली आणि हलवली. पुन्हा हलवली. "अकरा वर्सां जालीं आयकून," असं म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहिले. त्यांची सून आमच्यासाठी पाणी घेऊन आली होती, ती तशीच थांबली. त्या घरचं बिल द्यायला मी विसरलो, आणि विसरलो ते बरं झालं.

दिवेलागणीला आम्ही परतलो. अंगण सारवलेलं होतं, आत मखर सजलं होतं. ट्रकमधून उतरताना मला आठवण झाली की चाळीस घरच्या माटोळ्या बांधल्या, आता घरची राहिली. आणि ती बांधायला सुपाखाली पेंढा आहे.

मी हातपाय धुतले. कमलाक्षी देवासमोर पाट मांडत होती. म्हटलं, आता सांगून टाकावं. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला पुष्कळ गोष्टी सांगितल्या नाहीत, पण ही सांगितल्याशिवाय झोप लागली नसती.

"गो, मी तुझ्या सामानातलं काढलं," मी म्हणालो. "कांगलाचे तीन घोस. पाच कवंडळं. आणि ते मोठं तोरिंगण."

मला वाटलं, आता रडणार. ती उठली, मला कोठीत घेऊन गेली आणि सूप उचललं. नुसता पेंढा. माझ्या अंदाजाने निम्मं सामान तरी उरायला हवं होतं.

"बाकीचें हांवें दिलें," ती म्हणाली.

सकाळी आम्ही निघाल्यावर एक मुलगी स्कूटरवरून आली होती. पर्वरीची, आमच्या पेट्यांविषयी शेजारणीकडून कळलेली. लग्न होऊन वर्षही झालेलं नाही, सासू यंदाच वारली, आणि माटोळीचं सगळं सासूलाच ठाऊक होतं. मागणी कुठे नोंदवायची हेही तिला माहीत नव्हतं. फक्त दारात उभी राहून विचारत होती, अजून एखादी मिळेल का.

"तिका ना कशें म्हणपाचें?" कमलाक्षी म्हणाली. "तिची पयली चवथ."

मग ती माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे. दुसऱ्याच्या घरून थोडंफार आणावं म्हणून मी बाहेर पडलो. गोकुळदासच्या बायकोने दार अर्धवटच उघडलं. तिच्याकडची कांगलां गोकुळदासने बाराव्या पेटीत घातली होती आणि काकड्या तिनेच त्याच्या नकळत सतराव्या पेटीत. पुढच्या घरीही तेच, त्यापुढच्या घरीही. सगळ्या वाड्याने चोरून आपापल्या देवाचं सामान पर्वरीला पाठवलं होतं आणि आता जो तो दुसऱ्याकडे मागायला निघून वाटेत भेटत होता. आनंदीमावशीकडे मात्र मी गेलो नाही. रानात वेलींवर निम्मं पाखरांसाठी ठेवलेलं होतं, पण अंधार पडत आला होता, आणि तिच्या पाखरांच्या वाट्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

आम्ही जे होतं ते बांधलं. नारळाची पेंड, सुपारीचा एक घोस, आंब्याचे टहाळे, परसातली एक काकडी आणि पिकायला अजून अवकाश असलेला पपया. मधून मधून बोटभर, वीतभर जागा मोकळी. खालून वासे स्वच्छ दिसत होते, त्यांच्यावरची कोळिष्टकंसुद्धा. चौतीस वर्षांत वर कोणी बघितलंच नव्हतं, म्हणून ती काढायची राहिली होती.

चवथीला सकाळी विनायकदादा आला. बरोबर वयनी, मुलगा, सून, नातवंडं. भटजी पूजेला बसले. मी पाणी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात शिरलो आणि दाराच्या फटीतून बघत राहिलो. मी भ्यालो होतो, हे सरळ कबूल करतो. दादाचं काय ते ऐकायची मला सवय आहे. पण आज कमलाक्षीजवळ उत्तर नव्हतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

दादाने हात जोडले, मग नेहमीसारखं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गळा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "औंदा माटोळी खंय गेली?" वयनी जमिनीकडे बघू लागल्या. "हांव सांगतां म्हणून कोण आयकना. आतां रानूय सोंपलें ह्या गांवचें."

आमच्याकडे धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नसतं. लग्न झाल्यापासून कमलाक्षी दादाशी कधीही थेट बोललेली नाही. जे सांगायचं ते माझ्या तोंडून, नाहीतर वयनींच्या. आजही मला वाटलं, ती आता आत येईल आणि मला पुढे ढकलेल.

ती आली नाही. आरतीचं ताट हातात घेऊन होती तिथेच उभी राहिली आणि पदरही न सावरता म्हणाली, "रान सोंपूंक ना, भावजी. आमची माटोळी पर्वरेक गेल्या. एकेचाळीस घरांनी बांदल्या ती. हांगा मावना जाल्ली."

घंटा वाजवायला उचललेला भटजींचा हात तसाच राहिला. दादाने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा वर बघितलं, वाशांकडे. या वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला. गौरवी म्हणते चार, पण तिचं घड्याळ पुढे असतं.

"एकेचाळीस?" शेवटी तो म्हणाला. तो पुढे आणखी काही विचारणार होता, पण भटजींनी घंटा वाजवली.

मी कमरेचा पंचा सारखा केला, स्वयंपाकघरातून बाहेर आलो आणि आरतीला तिच्या शेजारी उभा राहिलो.